झाडांखाली दडलेले जुने चर आणि वाटा हवाई पाहणीतून कशा शोधतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये राहणारे आणि तिथल्या वनराईत फिरणारे मराठी लोक, पुरातत्त्वाचे विद्यार्थी आणि सह्याद्रीतल्या घाटवाटा धुंडाळणारे भटके यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः दक्षिण इंग्लंडमधली आहेत, कारण तिथली मोजणीची माहिती कोणालाही खुली आहे आणि तिथल्या रानांवर या पद्धतीने झालेले काम भरपूर आहे. सह्याद्रीविषयीचे प्रश्न १७ आणि १८ या क्रमांकांवर आहेत.

१. येथे हवाई पाहणी म्हणजे नेमके काय? दाट झाडीखालची जमीन विमानातून दिसते तरी कशी?

येथे हवाई पाहणी म्हणजे लायडार पाहणी. विमानात बसवलेले यंत्र दर सेकंदाला लाखो लेसर-स्पंद खाली सोडते आणि प्रत्येक स्पंद कशावर तरी आदळून परत यायला किती वेळ लागला हे मोजते. या वेळेत एका नॅनोसेकंदाचा फरक पडला, तर अंतरात सुमारे १५ सेंटिमीटरचा फरक पडतो. त्या क्षणी विमान कोठे होते आणि कोणत्या बाजूला किती कलले होते, याचीही नोंद सतत होत असते, त्यामुळे परत आलेल्या प्रत्येक स्पंदाची जागा आणि उंची काढता येते.

लेसर पानांच्या आरपार जातो, हा समज चुकीचा आहे. तो पानांच्या आणि फांद्यांच्या फटींतून खाली उतरतो. झाडाखाली उभे राहून वर पाहिले असता जेथे जेथे आकाशाचा तुकडा दिसतो, तेथून किरणाला जमिनीपर्यंत वाट आहे असे समजावे. एकाच स्पंदाचा काही भाग शेंड्यावर, काही फांदीवर आणि उरलेला जमिनीवर आदळतो, म्हणून एका स्पंदाच्या अनेक परती नोंदल्या जातात. त्यांतून जमिनीवरचे बिंदू गणिताने वेगळे काढले जातात आणि त्या बिंदूंपासून झाडे वगळून उरलेल्या उघड्या जमिनीचा उंचीनकाशा तयार होतो. त्याला डीटीएम म्हणतात. झाडे आणि घरे यांच्यासकट जो पृष्ठभाग असतो, त्याच्या नकाशाला डीएसएम म्हणतात. जुन्या खुणा शोधण्यासाठी डीटीएमच लागतो.

२. साधी हवाई छायाचित्रे किंवा उपग्रहचित्रे का पुरत नाहीत?

उघड्या शेतांवर ती उत्तम चालतात. १९२० च्या दशकात ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी दक्षिण इंग्लंडची हवाई छायाचित्रे घेऊन पुरातत्त्वाला ही दृष्टी दिली. बुजलेल्या चरावरचे पीक अधिक ओल मिळाल्याने उंच आणि हिरवे राहते, किंवा सकाळच्या तिरप्या उन्हात लहानसा बांधही लांब सावली टाकतो, यावर ती पद्धत उभी आहे. रानात पीक नसते आणि जमिनीवर पडणारी सावली झाडांचीच असते. म्हणून जवळजवळ संपूर्ण विसावे शतक वनराईचे भाग पुरातत्त्वाच्या नकाशांवर कोरे राहिले आणि तेथे काही नसावे असा समज नकळत रूढ झाला.

३. इतके जुने चर आणि वाटा रानातच का टिकल्या? उघड्यावर तर काहीच दिसत नाही.

कारण रानात नांगर फिरला नाही. दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या शेतात अर्ध्या मीटरचा बांध काही दशकांत सपाट होतो, पण झाडांखाली तोच बांध दोन हजार वर्षांनंतरही गुडघाभर उंच उभा राहू शकतो. ज्या झाडांनी या खुणा आपल्यापासून लपवल्या, त्याच झाडांनी त्या जपल्या.

यातून दुसरी एक गोष्ट निघते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आज जेथे रान आहे तेथे पूर्वीपासून रानच होते, असे मुळीच नाही. इंग्लंडमधील कितीतरी "प्राचीन" वनराई मुळात सोडून दिलेल्या शेतांवर वाढलेली आहे. डीटीएमवर बीच आणि ओकच्या झाडांखाली चौकोनी शेतांचे बांध रांगेने दिसू लागतात, तेव्हा त्या भूमीचा इतिहास नव्याने लिहावा लागतो.

४. या पद्धतीने खरोखर काही मोठे हाती लागले आहे का?

होय. इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेजवळ असलेल्या फॉरेस्ट ऑफ डीनमधील वेल्शबरी टेकडीवर २००४ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या विमानाने लायडार पाहणी केली आणि झाडांखाली बुडालेल्या लोहयुगीन किल्ल्याची तटबंदी स्वच्छ उमटली. दाट झाडीखालीही ही पद्धत चालते, हे दाखवून देणारे इंग्लंडमधले हे सुरुवातीचे महत्त्वाचे उदाहरण आहे.

दक्षिण इंग्लंडमधील साउथ डाउन्स राष्ट्रीय उद्यानात २०१४ मध्ये सुमारे ३०५ चौरस किलोमीटर क्षेत्राची पाहणी झाली. खडूच्या टेकड्यांवर पसरलेल्या रानाखाली रोमन येण्याच्या आधीपासूनच्या शेतांचे जाळे मैलोन्मैल पसरलेले आढळले. एवढ्या प्रमाणावर एकसलग शेती तेथे होत असेल, अशी अपेक्षा कोणी केली नव्हती. तिथल्या चिचेस्टर शहराहून पूर्वेकडे जाणारा रोमन रस्ता असावा असा तर्क जुना होता. त्याच्या खुणाही याच पाहणीत मिळाल्या. त्यानंतर लंडनच्या वायव्येस असलेल्या चिल्टर्न टेकड्यांची सुमारे १,४०० चौरस किलोमीटरची पाहणी झाली आणि तिचे नकाशे वाचण्याच्या कामात सामान्य नागरिकांना सामील करून घेतले गेले.

५. विमान कोणत्या महिन्यांत उडवतात? उन्हाळ्यात घेतलेली माहिती वापरता येते का?

पानझडी रानासाठी साधारण डिसेंबर ते मार्च हा काळ योग्य ठरतो. तेव्हा पाने गळलेली असतात, गवत आडवे झालेले असते आणि ब्रॅकन नावाचे नेचे वाळून खाली बसलेले असते. बर्फ पडलेला असू नये आणि पूर ओसरलेला असावा, कारण पाणी या लेसरचा प्रकाश शोषून घेते. उन्हाळ्यातली माहिती अगदीच निरुपयोगी नसते. मोकळ्या ओकच्या रानात तिच्यावर मोठे चर दिसतात, पण उथळ वाटा बहुधा हरवतात. माहिती उतरवून घेताना उड्डाणाची तारीख आधी पाहावी. नकाशा धूसर का दिसतो, याचे उत्तर पुष्कळदा त्या तारखेतच असते.

६. किती बारीक माहिती लागते? एक मीटरची चालेल का?

बहुतेक कामाला चालते. एक मीटरच्या जाळीत, म्हणजे नकाशाचे प्रत्येक घर एक मीटरचे असताना, तीन मीटर रुंदीचा चर तीन घरे व्यापतो आणि ओळखू येतो. दोन मीटरच्या जाळीत तोच चर दीड घराचा होतो आणि सहज निसटतो. अर्धा किंवा पाव मीटरची जाळी असेल तर बैलगाडीच्या रुंदीच्या वाटा, कोळसा पाडणाऱ्यांनी उतारावर केलेले गोल ओटे आणि लाकूड चिरण्यासाठी खणलेले करवतीचे खड्डेसुद्धा दिसतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. जाळी बारीक आहे म्हणजे जमिनीवर पोचलेले बिंदूही तितके दाट आहेत, असे नसते. हॉली नावाच्या सदाहरित झाडाच्या दाट झुडुपांखाली एका चौरस मीटरमध्ये जमिनीचा एकही बिंदू नसू शकतो. अशा वेळी संगणक आजूबाजूच्या बिंदूंवरून मधली जागा भरतो आणि नकाशावर तेथे गुळगुळीत, त्रिकोणी पैलूंचा तुकडा दिसतो. असा तुकडा दिसला की तेथे माहितीच नाही, असे धरावे (प्रश्न १४ पाहावा).

उंचीच्या अचूकतेबद्दलही विचारणा होते. इंग्लंडच्या राष्ट्रीय माहितीची अचूकता सुमारे १५ सेंटिमीटर सांगितली जाते. मग २० सेंटिमीटरचा बांध कसा दिसेल, अशी शंका साहजिक आहे. ही चूक समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतली आहे. शेजारशेजारच्या बिंदूंमधला आपसातला फरक त्याहून पुष्कळच अचूक असतो आणि बांध ओळखायला तोच लागतो.

७. ही माहिती कोठे मिळते? पैसे पडतात का?

इंग्लंडची माहिती पर्यावरण संस्थेने, म्हणजे एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने, गोळा केली आहे. पुराच्या धोक्याचे नकाशे करण्यासाठी १९९८ पासून हे काम सुरू झाले, २०१५ पासून माहिती सर्वांना मोफत खुली झाली आणि २०१६ नंतरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात संपूर्ण देशाची एक मीटरची मोजणी हिवाळी उड्डाणांतून हाती घेतली गेली. वेल्स आणि स्कॉटलंड यांची माहिती त्यांच्या स्वतंत्र संकेतस्थळांवर आहे. नुसते पाहून घ्यायचे असेल, तर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नकाशांच्या संकेतस्थळावर जुने नकाशे आणि लायडार शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. नवशिक्याने तेथूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

८. डीटीएम उघडला तर नुसता करडा ठिपका दिसतो. आता काय करायचे?

उंचीचे आकडे रंगांत दाखवले की टेकडी आणि दरी यांतला फरक सगळे रंग खाऊन टाकतो आणि अर्ध्या मीटरच्या चराच्या वाट्याला काहीच उरत नाही. म्हणून क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक-प्रणालीत हिलशेड करावे लागते. संगणक एका दिशेने तिरपा सूर्य कल्पून जमिनीवर कृत्रिम ऊन-सावली पाडतो. या सूर्याचा क्षितिजापासूनचा कोन शक्यतो लहान ठेवावा. डोंगराळ भागात तो ३५ अंशांच्या आसपास ठीक असतो, तर सपाट रानात १५ अंशांपर्यंत खाली आणावा.

एकच हिलशेड मात्र फसवे असते. प्रणालीत सूर्य सहसा वायव्येला ठेवलेला असतो, त्यामुळे वायव्य-आग्नेय जाणारा चर प्रकाशाच्या रेषेतच येतो आणि सावली न पडल्याने दिसेनासा होतो. तोच चर सूर्य ईशान्येला नेताच ठळक उमटतो. म्हणून निदान चार दिशांनी हिलशेड करून पाहावे, किंवा प्रकाशाच्या दिशेवर अवलंबून नसलेल्या पद्धती वापराव्यात. चढाचा नकाशा त्यांतला सर्वांत सोपा आहे. आकाश-दृश्यता, म्हणजे स्काय व्ह्यू फॅक्टर, या पद्धतीत प्रत्येक बिंदूवरून किती आकाश दिसते हे मोजतात. खोलगट वाटेतून कमी आकाश दिसत असल्याने ती काळी रेघ होऊन उमटते. स्थानिक उंचसखलतेच्या नकाशात मोठ्या टेकडीचा आकार वजा करून केवळ लहान चढउतार ठेवतात. या पद्धतींसाठी स्लोव्हेनियातील संशोधकांनी तयार केलेले आरव्हीटी हे साधन मोफत मिळते. मी स्वतः चढाचा नकाशा आणि आकाश-दृश्यता एकावर एक ठेवून वाचणे पसंत करतो, आणि शंका आली तरच हिलशेडकडे वळतो.

९. मला चराच्या जागी बांध दिसतो आणि बांधाच्या जागी चर. माहिती उलटी आहे का?

माहिती बरोबर आहे. आपला मेंदू प्रकाश वरून येतो असे धरून चालतो. सूर्य नकाशाच्या खालच्या, म्हणजे दक्षिणेच्या, बाजूला ठेवला की खोलगट भाग उंच भासू लागतो. सूर्य उत्तरेच्या बाजूला ठेवावा, आणि तरीही खात्री नसेल तर त्या जागेवर आडवी रेघ मारून उंचीचा छेद काढावा. छेदात आकडे असल्याने हा भ्रम होत नाही.

१०. जुनी वाट ओळखायची कशी? ओढ्याची घळ, चर आणि वाट मला सारखेच दिसतात.

हा सर्वाधिक येणारा प्रश्न आहे. तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट उताराशी असलेला कोन. पाणी सर्वांत तीव्र उताराने सरळ खाली जाते आणि तळाशी गाळाचा पंखा पसरवते. माणूस आणि जनावर तसे उतरत नाहीत. वाट उतार तिरपा कापत जाते, आणि वर पठारावर किंवा खाली ओढा पायी ओलांडायच्या जागेजवळ, म्हणजे जेथे जायचे कारण असेल तेथे, पोचते.

दुसरी गोष्ट माती कोठे गेली ही. चर खणला की माती कोठेतरी टाकावी लागते, म्हणून चराच्या कडेला जवळपास तेवढ्याच मातीचा बांध असतो. खोलगट झालेली वाट कोणी खणलेली नसते. शतकानुशतके पाय, खूर आणि चाके माती मोकळी करतात आणि पाऊस ती वाहून नेतो, त्यामुळे कडेला मातीचा ढीग नसतो. छेद काढला की दोन्ही कडा आसपासच्या जमिनीच्याच पातळीत आढळतात.

तिसरी गोष्ट वाटांची संख्या. चढावरची वाट चिखलाने किंवा खोल चाकोऱ्यांनी अडली की गाडीवान शेजारून नवी वाट पाडतात. ती खराब झाली की तिसरी पडते. अशा पाच-सहा समांतर खोलगट वाटा वेणीसारख्या एकमेकींत मिसळत चढतात आणि सपाटीवर आल्या की पसरून नाहीशा होतात. हा आकार डीटीएमवर इतका ठळक असतो की एकदा ओळखीचा झाला की पुन्हा चुकत नाही. दक्षिण इंग्लंडच्या वालुकाश्माच्या पट्ट्यात अशा वाटा डोक्याच्याही वर खोल गेलेल्या आहेत.

रोमन रस्ता यांहून अगदी निराळा दिसतो. तो भर घालून उंच केलेला, बरेच अंतर सरळ जाणारा आणि कित्येकदा दोन्ही बाजूंना उथळ चर असलेला असतो. लंडनहून चिचेस्टरला जाणाऱ्या स्टेन स्ट्रीटचा असा उंचवटा साउथ डाउन्सवरील रानात आजही पायी चालून पाहता येतो.

११. रानाच्या कडेला बांध आणि चर दोन्ही आहेत. कोणता कोणत्या बाजूला आहे याने काही फरक पडतो का?

फार मोठा फरक पडतो. मध्ययुगीन वनराईच्या हद्दीवर चर बाहेरच्या बाजूला आणि बांध रानाच्या बाजूला असतो, कारण गावची गुरे आत शिरून कोवळे फुटवे खाऊ नयेत, हा हेतू होता. हरणांसाठी राखलेल्या उद्यानात नेमके उलट असते. तेथे चर आत आणि बांध बाहेर असतो, म्हणजे हरणाला उडी मारताना आधी खाली उतरावे लागते आणि बांधावरचे कुंपण त्याला आणखी उंच पडते. कोणाला आत ठेवायचे होते आणि कोणाला बाहेर, एवढे चराच्या बाजूवरून कळते.

मध्ययुगीन हद्दीचे बांध आणि चर मिळून ६ ते १२ मीटर रुंद आणि वळणावळणांचे असतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले अरुंद आणि सरळसोट असतात. चिल्टर्नमधील ग्रिम्स डिच हा लोहयुगीन मानला जाणारा लांबच लांब बांध-चर मात्र कोणत्याही रानाची हद्द नाही. तो टेकड्या ओलांडत, तुटक तुटक, मैलोन्मैल जातो. त्याचे तुकडे वनराईत चांगले टिकले आहेत.

१२. कोणत्या खुणा हमखास फसवतात?

लाकूड ओढून नेणाऱ्या अवजड यंत्रांच्या वाटा सर्वांत अधिक फसवतात. त्या खोल, समांतर आणि ताज्या असतात, पण एका तोडणीच्या ठिकाणी एकवटतात. सूचीपर्णी लागवडीपूर्वी पाडलेले समांतर चर एकसारख्या अंतरावर असतात, आणि जुन्या शेतीच्या खुणा इतक्या नियमित कधीच नसतात. याखेरीज जमिनीखालून गेलेल्या पाइपांचे चर, सायकलस्वारांनी केलेली वळणे, उन्मळलेल्या झाडांचे खड्डे, कापलेल्या फांद्यांच्या राशी आणि विमानाच्या दोन फेऱ्यांत मोजलेल्या पट्ट्यांच्या जोडावर उमटणारी रेघ हेही असतात. जोडावरची रेघ अनेक मैल एकाच सरळ दिशेने जाते आणि घरेदारे, रस्ते यांचीही पर्वा करत नाही. त्यावरून ती ओळखावी.

नागमोडी, चौकोनी दात असलेला चर दिसला तर तो पहिल्या महायुद्धातल्या सराव-खंदकाचा असू शकतो. इंग्लंडमधील मार्लो गावाजवळच्या पुलिंग्जहिल वूड या रानात असे खंदक आहेत. ही फसवी खूण मानू नये, कारण तोही इतिहासच आहे.

१३. लायडारवरून वय सांगता येते का?

येत नाही. लायडार आकार दाखवतो, काळ दाखवत नाही. "लायडारमध्ये रोमन रस्ता सापडला" अशा बातम्या वाचताना हे सतत ध्यानात ठेवावे.

नकाशावरून सांगता येतो तो क्रम. एखादी वाट बांध फोडून गेली असेल तर ती बांधानंतरची, आणि बांध वाटेवर चढला असेल तर वाट आधीची. खुणा एकमेकींना कापतात अशा जागांची साखळी जुळवली की कोणते आधी आणि कोणते नंतर हे बरेच ठरते. त्यानंतर १८४० च्या सुमाराचे गावनकाशे आणि एकोणिसाव्या शतकातले मोजणीचे नकाशे पाहावेत. त्यांवर वाट दाखवलेली असेल, तर ती निदान त्या काळापर्यंत वापरात किंवा स्मरणात होती. खरी तारीख उत्खननातूनच मिळते: बांधाखाली गाडली गेलेली जुनी माती, तिच्यातला कोळसा, चराच्या तळाशी सापडलेले खापर.

१४. नकाशावर काहीच दिसत नाही. म्हणजे तेथे काही नव्हते का?

तसा निष्कर्ष काढू नये. दाट, तरुण सूचीपर्णी लागवडीत लेसर खाली पोचतच नाही. रोडोडेंड्रॉन आणि हॉली हिवाळ्यातही पाने टाकत नाहीत. ब्रॅम्बल नावाच्या काटेरी झुडुपाच्या दाट जाळ्याच्या वरच्या थरालाच संगणक जमीन समजू शकतो. शिवाय ज्या वाटेने वर्षातून थोडीच वर्दळ होत असे, ती कधी खोलगट झालीच नाही. मूळचा दोन मीटर खोल चर गाळाने भरत भरत आज वीतभर उरलेला असू शकतो. जमिनीचे बिंदू भरपूर असूनही काही दिसत नसेल, तर तेवढ्यापुरते "उंचसखल खूण आढळली नाही" असे लिहावे.

१५. खूण दिसली. आता प्रत्यक्ष जाऊन काय पाहायचे?

जाणे आवश्यकच आहे. पडद्यावर पाहून केलेली ओळख माझ्या दृष्टीने निव्वळ अंदाज असते. फेब्रुवारी महिना उत्तम. नकाशा फोनवर घ्यावा, पण झाडांखाली फोनची स्थाननिश्चिती पाच-दहा मीटर चुकते हे धरून, जवळच्या ठळक खुणेपासून अंतर मोजत जावे.

बीचच्या रानात चर डोळ्यांना चटकन दिसत नाही, कारण त्यात पाने काठोकाठ साठलेली असतात. आडवे चालत गेले की एका ठिकाणी पाय घोट्याच्या वर पानांत बुडतो, दोन पावलांनंतर जमीन कठीण होऊन वर चढते आणि मग पुन्हा सपाट होते. तो चर आणि तो बांध. बांधावर उभे राहून दोन्हीकडे पाहावे. पुष्कळदा बांधाच्या माथ्यावरच जाड, खालून वारंवार कापलेले जुने बुंधे एका रांगेत आढळतात आणि हद्दीची ओळ डोळ्यांपुढे सरळ होते. रुंदी, उंची, चराची बाजू, कोण कोणाला कापते, माती कोणत्या प्रकारची आणि झाडे कोणती हे टिपून घ्यावे. उन्मळलेल्या झाडाच्या मुळांशी कोळसा किंवा खापर उघडे पडले असेल तर छायाचित्र घ्यावे. काहीही खणू नये.

१६. सापडलेल्या जागेची नोंद कोणाकडे करायची? मेटल डिटेक्टर नेला तर चालेल का?

इंग्लंडमध्ये प्रत्येक भागाची ऐतिहासिक नोंदवही स्थानिक प्रशासनाकडे असते. तिला एचईआर म्हणतात. आधी तेथे ती खूण नोंदलेली आहे का हे पाहावे, नसेल तर निर्देशांक, नकाशाचे चित्र आणि प्रत्यक्ष पाहणीची टिपणे पाठवावीत. रान खाजगी असेल आणि त्यातून सार्वजनिक पायवाट जात नसेल, तर मालकाची परवानगी आधी घ्यावी.

संरक्षित स्मारकावर परवानगीविना मेटल डिटेक्टर वापरणे १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार गुन्हा आहे. इतरत्र जमीनमालकाची परवानगी लागते. माझा आग्रह असा की वनराईतल्या चर-बांधांवर तो परवानगी असली तरी नेऊ नये. नांगर न लागलेल्या जमिनीत वस्तू अजून मूळ थरात पडलेली असते, आणि ती उपटून काढली की ज्या थरावरून काळ ठरला असता तोच नाहीसा होतो. याच कारणासाठी नव्या, असंरक्षित जागेचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकणे टाळावे.

१७. सह्याद्रीत असे करता येईल का? नाणेघाटासारख्या आणखी वाटा सापडतील का?

पद्धत चालेल, अडचणी मात्र निराळ्या आहेत. महाबळेश्वर, कोयना, आंबोली येथील सदाहरित रानाची पाने कधीच सगळी गळत नाहीत, त्यामुळे इंग्लंडच्या हिवाळ्यासारखा उघडा काळ तेथे मिळत नाही. सदाहरित किंवा दाट उष्णकटिबंधीय रानातही लायडार चालतो, हे बेलीझमधील काराकोल (२००९), कंबोडियातील अंगकोर (२०१२) आणि ग्वाटेमालातील माया प्रदेशाच्या पाहणीने दाखवले आहे. ग्वाटेमालात २,१०० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रात साठ हजारांवर बांधकामांच्या खुणा आणि उंच बांधलेले रस्ते मिळाले. त्यासाठी बिंदूंची घनता पुष्कळ वाढवावी लागते आणि खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. सागाच्या पानझडी पट्ट्यात फेब्रुवारी ते मे हा काळ बराच सोयीचा ठरावा.

सातवाहनकाळात जुन्नरला कोकणाशी जोडणाऱ्या नाणेघाटासारखी वाट बेसाल्टच्या कड्यातून उतरते. खडकात कोरलेल्या पायऱ्या लहान असतात आणि उभ्या कड्यावर वरून पडणारे बिंदू विरळ असतात, म्हणून घाटवाटेचा कड्यातला भाग लायडारवर सर्वांत कमी स्पष्ट दिसेल. कड्याच्या वर आणि खाली, जेथे ती मातीतून जाते, तेथे ती खोलगट झालेली असण्याची आणि दिसण्याची शक्यता अधिक आहे.

इंग्लंडसारखी खुली माहिती येथे उपलब्ध नसल्याने पाहणी नव्याने करावी लागेल. २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनुसार अतिसूक्ष्म मोजणीची माहिती भारतीय संस्थांनीच तयार करायची आणि देशातच ठेवायची आहे. ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत, आणि अभयारण्यात वनविभागाची परवानगी लागते. ड्रोनवर केवळ कॅमेरा असेल तर झाडीखालचे काही मिळत नाही, कारण छायाचित्रांवरून उंची काढायला जमिनीचा तोच ठिपका निदान दोन छायाचित्रांत दिसावा लागतो. ड्रोनवर लायडारच हवा.

१८. सह्याद्रीच्या उतारावर समांतर चर दिसले तर ते जुने समजावेत का?

बहुतेक वेळा समजू नयेत. महाराष्ट्रात पाणलोट विकासाच्या कामात सलग समतल चर फार मोठ्या प्रमाणावर खणले गेले आहेत. ते समान उंचीच्या रेषेवरून जातात, एकसारख्या अंतरावर असतात आणि खणलेली माती उताराच्या खालच्या बाजूला टाकलेली असते. वरकस जमिनीतल्या नाचणीच्या जुन्या पायऱ्या त्याहून अनियमित असतात, त्यांची रुंदी उताराप्रमाणे बदलते आणि कित्येकदा त्यांना दगडी ताल, म्हणजे कडेची भिंत, असते. काम केव्हाचे आहे याविषयी वनविभागाकडे आणि गावातल्या वयस्कर माणसांकडे चौकशी केली, तर पुष्कळ शंका तेथेच मिटतात. खरोखर जुने काही आढळले तर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवावे.

१९. संगणकच या खुणा आपोआप का शोधत नाही?

शोधतो, आणि गोल आकारांच्या बाबतीत बऱ्यापैकी शोधतो. कोळशाचे ओटे आणि मातीच्या समाध्या यांचा आकार ठरावीक असतो. नेदरलँड्समधील व्हेलुवे भागात २०१९ पासून नागरिकांनी लायडार नकाशांवर केलेल्या अशा खुणांची ओळख संगणकीय शोधाच्या बरोबरीने वापरली गेली. वाटा आणि चर मात्र रेषा असतात. त्या तुटतात, फाटतात, ओढ्यात शिरतात आणि आजच्या रस्त्याखाली जातात. कोठून कोठे जायचे होते, हा विचार करूनच त्यांचे तुकडे जोडता येतात. तो विचार अजून माणसालाच अधिक चांगला जमतो.

२०. एकच चर नकाशावर गावाची हद्दही आहे आणि प्राचीनही म्हणतात. दोन्ही कसे खरे असेल?

असे वारंवार घडते. नवी हद्द आखताना लोक समोर दिसणाऱ्या जुन्या बांधाचाच आधार घेतात, त्यामुळे लोहयुगीन बांध पुढे पॅरिशची, म्हणजे चर्चच्या क्षेत्राची, हद्द होतो, नंतर रानाची हद्द होतो आणि शेवटी त्यावर तारेचे कुंपण येते. दर वेळी त्याची थोडी डागडुजी होते, चर पुन्हा खणला जातो आणि आज दिसणारा आकार शेवटच्या खणणाऱ्याचा असतो. तसेच टाकून दिलेला चर वाट म्हणून वापरला जातो आणि खोलगट वाटेला कोणी बांध घालून हद्द करतो. म्हणून प्रश्न १० मधील कसोट्या लावताना संपूर्ण रेषेवर एकच निकाल लावू नये. ती तुकड्यातुकड्याने वाचावी, प्रत्येक तुकड्याचा वेगळा छेद काढावा आणि नोंदीत "मूळ" व "नंतरचा वापर" हे दोन रकाने वेगळे ठेवावेत.